बर्फाला वळण लावणारी चिमूट

1954 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून, क्लीव्हलँडच्या लुईस प्रयोगशाळेतून, एक छोटा अहवाल बाहेर पडला. मॅक्सवेल, गर्निक आणि फ्रान्सिस्को हे त्याचे लेखक. प्रयोगशाळा होती नॅशनल अ‍ॅडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्स या सरकारी संस्थेची. चार वर्षांनी, 1958 मध्ये, याच संस्थेतून नासा उभी राहिली. पण अहवालात उड्डाणाचे गणित नव्हते. सिरॅमिकची पूड थोड्या पाण्यात कालवून तिचा घट्ट घोळ करायचा, तो साच्यात भरायचा, गोठवायचा, बर्फ काढून टाकायचा आणि उरलेला आकार भट्टीत भाजायचा, अशी कृती त्यात सांगितली होती. कृतीला नाव दिले होते ‘फ्रीझ कास्टिंग’. गोठवून केलेले ओतकाम.

विमानाच्या प्रयोगशाळेला या कुंभारकामाची गरज का पडली, हे त्या काळाकडे पाहिले की कळते. जेट इंजिने नुकतीच वयात येत होती. इंजिन जितके तापेल तितके ते ताकदवान, पण टर्बाइनची पाती ज्या धातूंची, ते धातू त्या उष्णतेत मऊ पडत. म्हणून नजर वळली टायटॅनियम कार्बाइडसारख्या पदार्थांकडे. हे कार्बाइड 3000 अंश सेल्सियसच्याही वर वितळते. पण जे सहज वितळत नाही ते ओतायचे कसे? आणि जे इतके कठीण, ते कोरायचे तरी कसे? एकच वाट उरते. आधी पूड, पुडीचा घोळ, घोळाचा आकार आणि मग भट्टी.

घोळाला आकार देण्याची जुनी रीत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्याची. साचा पाणी शोषून घेतो आणि भिंतीलगत पुडीचा थर बसत जातो. कपबशीला ही रीत चांगली. जाड पात्याला ती पुरत नाही, कारण बाहेरचे आधी वाळते, आतले ओले राहते आणि वाळताना तडे जातात. क्लीव्हलँडच्या मंडळींनी पाणी शोषून घेण्याऐवजी ते जागच्या जागी गोठवले. घोळ इतका दाट केला की तो साच्यात नीट बसण्यासाठी साचा थरथरवावा लागे. त्यांनी टर्बोसुपरचार्जरची छोटी पाती अशी करून दाखवली.

पाणी कमीत कमी ठेवण्यामागे साधा हिशेब होता. पाणी गोठले की बर्फाचे स्फटिक वाढणार, ते निघून गेले की त्यांच्या जागी पोकळ्या राहणार आणि पोकळी म्हणजे पात्याचा मृत्यू. या कथेच्या पहिल्या अंकात बर्फ शत्रू आहे. पुढची पन्नास वर्षे हा शत्रू हळूहळू कारागीर कसा झाला, ते मला इथे सांगायचे आहे. माझे ठाम मत असे की हे परिवर्तन थंडीच्या यंत्रांनी कमी आणि घोळात टाकलेल्या किरकोळ वाटणाऱ्या पूरक द्रव्यांनी जास्त घडवले. ग्लिसरॉल, साखर, एक आंबट वासाचा क्षार: या इतिहासाचे खरे नायक हेच.

बर्फ आणि कण यांचे भांडण सिरॅमिकवाल्यांच्या आधी भूगर्भशास्त्रज्ञांनी पाहिले होते. थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीन फुगते, रस्ते उचलले जातात. सगळ्यांचा समज असा, की पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते, म्हणून जमीन वर येते. साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीफन टेबर यांना हे पटले नाही. 1929 आणि 1930 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून गोठवले होते. बेंझीन गोठताना आकसते. तरीही माती फुगली! म्हणजे प्रसरण हे कारण नव्हतेच. बर्फाचे थर वाढताना खालचे द्रव स्वतःकडे ओढून घेत होते आणि मातीचे कण बाजूला सारत होते. मला हा प्रयोग अतिशय देखणा वाटतो. एक द्रव बदलले आणि साऱ्यांचा समज कोसळला.

बर्फाला आपल्या जाळीत परकी वस्तू खपत नाही. मीठ, साखर, मातीचा कण, हवेचा बुडबुडा, जे काही असेल ते तो पुढे ढकलतो. 1964 साली उलमन, चाल्मर्स आणि जॅक्सन यांनी या ढकलण्याला वेगाची मर्यादा आहे असे दाखवले. गोठण्याची आघाडी सावकाश सरकत असेल तर कण तिच्यापुढे ढकलले जातात. ती एका ठराविक वेगापलीकडे गेली की कण बर्फातच गाडले जातात. त्याच वर्षी मलिन्स आणि सेकेर्का यांनी गणिताने सिद्ध केले, की गोठणारा सपाट पृष्ठभाग सपाट राहीलच असे नाही. त्यावर बोटे फुटू शकतात. हे का होते, याची कल्पना टोरोंटोत धातूंवर काम करणाऱ्या चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्येच मांडली होती. गोठताना बाहेर ढकललेले द्रव्य आघाडीसमोर साचते. जिथे ते साचते तिथे द्रवाचा गोठणबिंदू खाली जातो. परिणामी आघाडीपुढचे द्रव गोठण्याच्या तापमानाखाली असूनही द्रवच राहते. अशा वेळी पृष्ठभागावर चुकून एखादा उंचवटा आला, तर तो पुढच्या थंड द्रवात झपाट्याने घुसतो आणि त्याची सुई होते.

या सगळ्याचा सिरॅमिकशी संबंध आहे, असे तेव्हा फारसे कुणाच्या मनात आले नव्हते. 1980 मध्ये ड्यू पाँ कंपनीच्या माहलर आणि बेख्टोल्ड यांनी सिलिकाचा घोळ एका दिशेने गोठवून त्यातून सिलिकाचे लांब तंतू काढले आणि ‘नेचर’मध्ये त्यावर टिपण लिहिले. बर्फाच्या सुयांमधल्या फटीत दाबला गेलेला सिलिका तंतू होऊन बाहेर आला होता. बर्फ काहीतरी घडवू शकतो, याचा हा स्पष्ट पुरावा होता. पण तो एकटाच राहिला.

आता थोडे बाजूला, लंडनच्या मिल हिल भागात जाऊ. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत क्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स कोंबड्याचे वीर्य गोठवून टिकवण्याच्या प्रयत्नात होते. फळसाखरेचे द्रावण वापरून पाहिले, पण यश मिळेना. पुढे शीतपेटीत ठेवलेली फळसाखरेची एक जुनी बाटली काढून पुन्हा प्रयोग केला आणि शुक्राणू जिवंत राहिले. नवी फळसाखर आणली, तर पुन्हा अपयश. जुन्या बाटलीतले द्रव तपासायला दिले. तेव्हा उलगडा झाला, की बाटलीवरची चिठ्ठीच चुकीची होती. आत साखर नव्हतीच, होते ग्लिसरॉल आणि अंड्यातले प्रथिन. 1949 मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि पेशी गोठवून साठवण्याच्या शास्त्राची पायाभरणी झाली. ग्लिसरॉल पाण्याच्या रेणूंना धरून ठेवते, त्यांना स्फटिकात सहज बसू देत नाही.

सिरॅमिकच्या घोळात हे द्रव्य पोचले ते अर्ध्या शतकानंतर. 2001 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्टीफन सोफी आणि फातिह दोगान यांनी अल्युमिना या सिरॅमिकच्या दाट घोळात ग्लिसरॉल मिसळून गोठवल्याचे काम प्रसिद्ध केले. हेतू क्लीव्हलँडचाच होता, भरीव आणि निर्दोष वस्तू. नुसत्या पाण्याचा घोळ गोठवला की त्यात बर्फाचे मोठे स्फटिक वाढतात आणि भाजल्यावर त्यांच्या खुणा दोष होऊन उरतात. ग्लिसरॉल घातले की स्फटिक बारीक राहतात, गोठतानाचे प्रसरण कमी होते आणि वस्तूची रचना एकसारखी येते. ज्या गुणाने शुक्राणू वाचले त्याच गुणाने अल्युमिना वाचला. शत्रूला आवरायचे हत्यार आता हाती आले होते.

गंमत अशी, की त्याच 2001 साली जपानमधल्या नागोयाच्या संशोधकांनी नेमकी उलटी वाट धरली. ताकायुकी फुकासावा, तात्सुकी ओजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोळाचे भांडे फक्त तळातून थंड केले. बर्फ खालून वर वाढला. मग कमी दाबाखाली त्या बर्फाचे पाणी होऊ न देता थेट वाफ केली, याला आपण संप्लवन म्हणतो, आणि उरलेला सांगाडा भाजला. आत उभ्या, एका दिशेच्या नळ्यांसारख्या पोकळ्या होत्या आणि त्यांच्या भिंतींमध्ये आणखी सूक्ष्म छिद्रे. क्लीव्हलँडला ज्या पोकळीची धास्ती होती तीच पोकळी इथे माल होती. गाळण्या, उत्प्रेरकांचे आधार, औषध धरून ठेवणारे पदार्थ, अशा ठिकाणी सरळ, मोकळी छिद्रे असलेले सिरॅमिक हवेच असते.

इथे एक जोड द्यायला हवी. पाणी नको असेल तर दुसरेही द्रव चालते. मिशिगन विद्यापीठातल्या कियोशी अराकी आणि जॉन हॅलोरन यांनी 2004 मध्ये नॅफ्थलीन आणि कापूर यांचे मिश्रण वापरून खोलीच्या तापमानाजवळ सिरॅमिक गोठवून दाखवले. देवघरातला कापूर आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांतले नॅफ्थलीन दोन्ही उघड्यावर आपोआप उडून जातात. त्यामुळे निर्वात यंत्राची गरज कमी होते. वाट सुबक आहे, पण मुख्य प्रवाह पाण्याचाच राहिला. म्हणून मीही पाण्याकडेच परततो.

27 जानेवारी 2006 च्या ‘सायन्स’च्या अंकात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेचा लेख आला. लेखक सिल्व्हँ दव्हील, एदुआर्दो साइझ, रवी नल्ला आणि अँटनी तोमसिया. त्यांच्यासमोर नमुना होता शिंपल्याच्या आतला चकचकीत मोतिया थर. त्या थराचे सुमारे 95 टक्के वजन कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे जवळजवळ खडूच, आणि उरलेले प्रथिनांचे. तरीही तो खडूसारखा तुटत नाही. चपट्या फरशा एकावर एक, मध्ये मऊ चिकट थर, अशी त्याची घडण असते. ती हाताने रचणे अशक्य. बर्कलीच्या चौघांनी ते काम बर्फाकडे सोपवले.

बर्फाचा स्फटिक षट्कोनी बांधणीचा असतो. त्या षट्कोनाच्या पातळीत तो ज्या वेगाने वाढतो, त्या मानाने पातळीला काटकोनात त्याची वाढ शेकडो पट मंद असते. म्हणून एका दिशेने थंडी दिली की बर्फाची पातळ पाती वर चढत जातात आणि सिरॅमिकचे कण त्यांच्यामधल्या अरुंद जागेत रेटले जातात. बर्फ उडून गेला की पात्यांच्या जागी सपाट फटी राहतात आणि कणांचे थर उभे असतात. थंड करण्याचा वेग वाढवला की थर पातळ होतात, अगदी मायक्रॉनच्या घरात येतात. हाडातल्या खनिजाचाच भाऊबंद असलेल्या हायड्रॉक्सीअपटाइटचे असे सांगाडे त्यांनी केले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी 47 टक्के सच्छिद्र सांगाड्याची दाब सोसण्याची ताकद 145 मेगापास्कलपर्यंत मोजली. जवळजवळ अर्धा पोकळ पदार्थ, आणि तरी इतका दणकट.

थर जमले होते, पण शिंपल्याची सगळी करामत थरांत नाही. फरशांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीतपणा असतो आणि फरशा ठिकठिकाणी खनिजाच्या बारीक पुलांनी जोडलेल्या असतात. ताण आला की फरशा एकमेकींवरून घसरतात, पण खडबडीतपणामुळे अडत अडत घसरतात. त्या अडण्यात तडा जाण्याची ऊर्जा खर्ची पडते. बर्कलीतल्या बर्फाने घडवलेल्या थरांवरही हा खडबडीतपणा हवा तसा आणायचा होता. त्यांना खडबडीत करायचे कसे?

उत्तर निघाले साखरेत. डिसेंबर 2008 मध्ये ‘सायन्स’मध्येच एतिएन म्युंश, मॅक्सिमिलियन लॉने, साइझ, तोमसिया आणि रॉबर्ट रिची आदींचे काम प्रसिद्ध झाले. त्यांनी अल्युमिनाच्या घोळात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, विरघळवली होती. कुल्फी आणि पाण्याचा बर्फ शेजारी ठेवून चाखणाऱ्याला साखरेचा हा गुण जिभेने माहीत असतो: नुसते पाणी कडक, मोठ्या स्फटिकांनी गोठते, तर साखरेचे दाट मिश्रण बारीक दाण्याने. बर्फ साखर बाहेर ढकलतो. ती त्याच्या पात्यांलगत साचते, तिथला गोठणबिंदू खाली आणते आणि टोरोंटोवाल्यांनी धातूत पाहिलेली गोष्ट इथे घडू लागते. गुळगुळीत पात्याच्या अंगाला बारीक फांद्या फुटतात, कण त्या खाचांत शिरतात आणि बर्फ गेल्यावर सिरॅमिकच्या भिंतीवर तो खडबडीतपणा कायमचा छापला जातो. भिंतींना जोडणारे पूलही वाढतात. शिवाय साखरेने घोळ जाडसर होतो, तेही उपयोगीच.

पुढे त्यांनी हे थर दाबून विटांसारखे केले, त्यांच्या पृष्ठभागाला रसायनाने तयार केले आणि फटींत पीएमएमए, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या काचेसारख्या पत्र्यांचे प्लॅस्टिक, भरले. अल्युमिना 80 टक्क्यांपर्यंत. ऊर्जेच्या हिशेबात या मिश्र पदार्थाची चिवटपणाची पातळी त्याच्या घटकांच्या 300 पटींहून अधिक भरली. अल्युमिना म्हणजे हातातून सुटला तर फुटणारा पदार्थ, प्लॅस्टिकही फार चिवट नाही. दोघांच्या मीलनातून हे निघाले आणि त्यात साखरेचा वाटा उघड होता. पुढच्या वर्षी म्युंश, साइझ, तोमसिया आणि दव्हील यांनी मीठ, साखर, ग्लिसरॉल, इथेनॉल अशी वेगवेगळी द्रव्ये घालून छिद्रांचे आकार कसे बदलतात याचा स्वतंत्र निबंधच लिहिला. माझ्या लेखी हा निबंध या इतिहासातला वळणबिंदू आहे, कारण तोवर पूरक द्रव्य म्हणजे मदतनीस होते. इथून ते आकार ठरवणारे मानले जाऊ लागले. प्रत्येक द्रव्य घोळात अनेक गोष्टी एकदम बदलते: गोठणबिंदू, घोळाचा दाटपणा, कणांमधले आकर्षण-प्रतिकर्षण, बर्फ आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण. यांपैकी कोणत्या बदलाने कोणता आकार आला हे वेगळे काढणे कठीण. निबंधकर्त्यांनीही सरळ म्हटले होते, की भाकीत करता येईल असा सिद्धान्त अजून फार दूर आहे.

इथवरची द्रव्ये बर्फावर आडून परिणाम करत होती. पाण्याचे गुण बदलून, साचून, घट्ट करून. बर्फाच्या अंगाला थेट चिकटणारे द्रव्य निसर्गात मात्र होते. दक्षिण ध्रुवाजवळ मॅकमर्डो साउंडमधले समुद्राचे पाणी उणे 1.9 अंशांपर्यंत थंड असते, आणि त्यात मासे पोहतात. त्यांच्या रक्तातल्या क्षारांचा विचार केला तर ते रक्त त्याआधीच गोठायला हवे. आर्थर डव्ह्रीज यांनी 1960 च्या दशकात दाखवले, की या माशांच्या रक्तात विशिष्ट प्रथिने असतात. ती बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि त्याची वाढ अडवतात. नुसती अडवत नाहीत, स्फटिकाला ठराविक पैलूही पाडतात. अशी प्रथिने सिरॅमिकच्या घोळात घालण्याची कल्पना सुंदर, पण ती महाग, नाजूक आणि बादलीभर घोळासाठी न परवडणारी.

2011 साली दव्हील आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात जे लिहिले, त्याने मी अजूनही थक्क होतो. दव्हील तोवर दक्षिण फ्रान्समधल्या काव्हायाँ गावात, फ्रान्सची राष्ट्रीय संशोधन संस्था आणि साँ-गोबँ कंपनी यांच्या संयुक्त प्रयोगशाळेत आले होते. तिथे झिर्कोनियम अ‍ॅसिटेट नावाचा क्षार घोळात घातला आणि गोठवला. छिद्रे एरवी चपटी, फटींसारखी येत. आता आडवा छेद घेतला तर नीट षट्कोनी छिद्रे, मधमाशीच्या पोळ्यासारखी, पैलूदार. बर्फाचे स्फटिक पूर्णपणे बदलले होते. माशाच्या प्रथिनाचे काम एक साधा, स्वस्त क्षार करत होता! तोही सिरॅमिक उद्योगाला अगदी ओळखीचा, व्हिनेगरच्या आम्लापासून बनणारा.

तो हे कसे करतो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. 2012 मध्ये त्यांनी क्षाराचे प्रमाण आणि गोठण्याचा वेग बदलून पाहिले, तसेच अ‍ॅसिटेट, हायड्रॉक्सिल, कार्बोक्झिलिक गट असलेली दुसरी संयुगे तपासली. त्यावरून त्यांनी असे मांडले, की झिर्कोनियम अ‍ॅसिटेट पाण्यात साखळ्यांसारखे रूप घेते. हायड्रॉक्सिल गटांनी जोडलेल्या या साखळ्या हायड्रोजन बंधांनी बर्फाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि वाढ मंदावतात. म्हणजे नाव क्षाराचे, वागणूक बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची.

2014 मध्ये त्याच वर्तुळातल्या फ्लोरियाँ बूव्हिल, दव्हील आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पायरी ओलांडली. त्यांनी अल्युमिनाच्या चपट्या पापुद्र्यांचा घोळ केला, त्यात अल्युमिनाचेच नॅनोकण आणि भट्टीत काचेसारखे वितळणारे सिलिका-कॅल्शियाचे पूर्वद्रव्य थोडे घातले. वाढणाऱ्या बर्फाने पापुद्रे ओळीत लावले, नॅनोकणांनी पूल बांधले, काचेने फटी भरल्या. प्लॅस्टिकचा एक कणही नाही, सगळे घटक ठिसूळ. तरी ताकद 470 मेगापास्कल आणि तड्याला होणारा विरोध 22 मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. उच्च तापमानालाही टिकेल असा शिंपला.

इथे थांबलो तर हा विजयाचा इतिहास होईल, आणि ते अर्धसत्य ठरेल. कारण या सगळ्या वर्षांत एक अडचण प्रत्येक प्रयोगशाळेत ठाण मांडून होती. एकाच प्रकारच्या सांगाड्यांची ताकद प्रत्येक निबंधात वेगळी यायची. फरक थोडाथोडका नव्हता. कुणी थंडीच्या वेगाला दोष दिला, कुणी साच्याला.

घोळात एक द्रव्य असे असते ज्याची चर्चा कुणी फारशी करत नाही, कारण ते घालणे गृहीतच असते. कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून घातलेले विखुरक. अल्युमिनाच्या पाण्यातल्या घोळात ते बहुधा एखाद्या बहुवारिकाचा अमोनियम क्षार असते. ते कणांवर बसते, त्यांना सारखा विद्युतभार देते आणि कण एकमेकांना दूर ठेवतात. याखेरीज बर्फ निघून गेल्यावर सांगाडा हातात ढासळू नये म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखे बंधकही घातलेले असते. ही दोन्ही द्रव्ये प्रयोगवहीत एका ओळीत उरकली जात.

दव्हील यांच्या गटाने 2009 पासून घोळ गोठताना आतून पाहायला सुरुवात केली होती. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉन केंद्रातले प्रखर क्ष-किरण त्यासाठी वापरले. पाणी आणि बर्फ क्ष-किरणांना पारदर्शक, सिरॅमिकचे कण मात्र गडद दिसतात. त्यामुळे आघाडी सरकताना कण कुठे जातात हे प्रत्यक्ष दिसू लागले. 2012 मध्ये ऑड्री लासाल आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने दोषांचा माग काढला. बर्फ कण आणि विखुरकाचा क्षार दोन्ही अरुंद फटीत रेटतो. फटीत क्षाराचे प्रमाण वाढत जाते, कणांवरच्या विद्युतभाराचे कवच दबते आणि ज्यांना लांब ठेवायचे होते तेच कण तिथे गोळा होऊन बसतात. मग आघाडी डळमळते आणि मुख्य दिशेला आडवे स्फटिक फुटतात. भाजल्यावर तिथे आडवी चीर राहते. ती चीर दाबाखाली आधी उघडते आणि सांगाडा कोसळतो. निबंधांतल्या ताकदीच्या आकड्यांत जो गोंधळ होता त्याचा काही भाग या चिरांमुळे असावा.

कण वेगळे राहावेत म्हणून घातलेले द्रव्यच त्यांना गोळा करून चिरांचे कारण ठरावे, यात मला या विषयाचे सगळे सार दिसते. घोळात निष्क्रिय असे काहीच नसते. आपण जे ज्या कामासाठी घातले त्याच कामापुरते ते थांबेल, हा समज टेबर यांच्या काळातल्या प्रसरणाच्या समजाइतकाच चुकीचा आहे.

या प्रवाहात पुण्याचेही नाव आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुरुस्वामी कुमारस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कणांच्या घोळाला बहुवारिक आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडणारे द्रव्य घालून गोठवले होते. पाणी गोठलेले असतानाच, बर्फाच्या फटींत दाबल्या गेलेल्या कणांभोवती बहुवारिकाची जाळी विणली गेली. बर्फ वितळून गेल्यावर जे उरले ते वजनाने बहुतेक अकार्बनी कणांचेच, पण स्वभावाने स्पंज. हाताने पार दाबले तरी सोडताच मूळ आकारात परत येणारे. कणांची रचना ठिसूळच असणार, हा अनेक दशकांचा अनुभव इथे मोडला, आणि तोही पुन्हा एका पूरक द्रव्यामुळे.

सिरॅमिकमध्ये काम करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. थंडीचा वेग तुम्ही काळजीने नोंदवता, भट्टीचे तापमानही नोंदवता. विखुरक आणि बंधक किती घातले, कोणत्या जातीचे, घोळाचा सामू (pH) किती होता, हेही त्याच काळजीने लिहा. ज्या निबंधात हे आकडे नाहीत, त्यातल्या ताकदीच्या आकड्याची तुलना दुसऱ्या कशाशीही करता येत नाही.